रोज रात्रीची सिक्स-एमपी: मूल बरं दिसत असताना गोळी का चालू ठेवायची?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात मांडते. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या. मुलगा ६ वर्षांचा, वजन २० किलो, आजार रक्ताचा कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया, त्यातला ए.एल.एल. (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) प्रकार. बेळगावात सलाइन-इंजेक्शनचे जड महिने पार पडले आणि आता ७ महिने घरीच गोळ्या चालू आहेत: रोज रात्री सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) आणि दर शुक्रवारी मेथोट्रेक्सेट, ही दोन्ही कॅन्सरची औषधं, शिवाय जंतुसंसर्ग टाळायला शनिवार-रविवार सेप्ट्रान. सिक्स-एमपी आधी एक होती, मग दोन आठवडे बंद, मग अर्धी, मग परत एक, आणि आता पाच दिवस एक व दोन दिवस दीड. मुलगा शाळेत जातोय, केस आलेत, गाल भरलेत. सासूबाई म्हणतात, "पोर धडधाकट झालंय, आता कशाला रोज विष घालता त्याच्या पोटात?" जत्रेच्या गडबडीत पाच रात्री गोळी राहिली तरी काही बिघडलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. डॉक्टर अंदाजाने डोस बदलतात का आणि गोळी बंद केली तर चालेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं बेळगावात कॅन्सरच्याच औषधांचं काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. आता का, ते नीट सांगते. मी मुलाची फाइल पाहिलेली नाही. त्याचा आजार बी पेशींचा की टी पेशींचा, धोक्याचा गट कोणता, यकृताचे रिपोर्ट कसे आहेत, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून त्याचा डोस किती असावा हे मी इथून सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण ही गोळी कशी चालते आणि तिचा डोस का हलतो, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. कारण घरी रोज रात्री ती देणाऱ्या तुम्ही आहात.

आधी एक गैरसमज काढू. सलाइनमधून जाते ती किमो आणि घरची गोळी म्हणजे शक्तीची किंवा 'बारीक' गोळी, असं बऱ्याच घरांत धरतात. ही फिकट पिवळी गोळी पूर्णपणे किमोच आहे, आणि या आजारावरच्या सगळ्यात जुन्या औषधांपैकी एक. अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ती १९५० च्या सुमारास तयार केली, १९५३ मध्ये तिला मान्यता मिळाली. एलियनबाई पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कॅन्सरने गेले होते, तिथून त्यांनी हे काम मनावर घेतलं. १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. शुक्रवारच्या मेथोट्रेक्सेटमागे तर आपल्या देशातला माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत होते, आणि त्यांच्या हाताखालच्या चमूने केलेल्या ॲमिनोप्टेरिन या मेथोट्रेक्सेटच्याच जातीच्या औषधाने १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये पहिल्यांदा आजार मागे हटलेला दाखवला. त्याआधी अशी मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायची. आज सगळ्या सोयी असलेल्या देशांत ए.एल.एल.ची दहातली जवळजवळ नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे हा आकडा कमी पडतो, त्याच्या मोठ्या कारणांपैकी दोन: जंतुसंसर्ग आणि उपचार मध्येच सोडणं. दुसरं कारण बरंचसं आपल्या हातात आहे, म्हणून मी इतकं पोटतिडकीने लिहितेय.

आता 'बरा झाला' म्हणजे काय. निदानाच्या वेळी अशा मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सरपेशी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर हाडाच्या मगजाची तपासणी 'स्वच्छ' येते, त्याला डॉक्टर रेमिशन म्हणतात. पण सूक्ष्मदर्शकाला काही दिसलं नाही तरी शंभर कोटी पेशी लपून राहिलेल्या असू शकतात. त्यानंतरची जड किमो त्या आणखी कमी करते. तरीही ज्या उरतात त्यातल्या काही सुस्त असतात, महिनोन् महिने दुप्पट होत नाहीत, आणि सिक्स-एमपी पेशीला पकडते ती दुप्पट होतानाच. म्हणून ती रोज हवी, दोन वर्षं हवी. पेशी कुठल्याही रात्री जागी झाली तर तिला औषध समोर भेटलं पाहिजे. जपानमध्ये १९९० च्या दशकात हा टप्पा सहा महिन्यांवर आणून पाहिला होता. आजार परतणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. तुमचा मुलगा आता सातव्या महिन्यात आहे, ताई.

गोळी आत जाऊन करते काय? पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल काढते, त्यासाठी तिला प्युरिन नावाचा कच्चा माल लागतो. सिक्स-एमपी हुबेहूब त्या मालासारखी दिसते, फक्त एका जागी गंधकाचा अणू असतो. खोटं नाणं म्हणा. पेशी ते खरं समजून डीएनएत बसवते आणि तिथेच अडकते. रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशीही सतत दुप्पट होत असतात, त्यामुळे थोडी खोटी नाणी त्यांच्याही वाट्याला येतात आणि पांढऱ्या पेशी उतरतात.

आणि इथेच तुमच्या 'अंदाजाने डोस' या शंकेचं उत्तर आहे. गिळलेली सगळी गोळी खोटं नाणं बनत नाही. काही भाग यकृत आणि आतडी मोडून टाकतात, काही भाग टीपीएमटी नावाचं एन्झाइम दुसरीकडे वळवतं. शिवाय एनयूडीटी-१५ नावाचं एक एन्झाइम बनलेली खोटी नाणी निकामी करत असतं. या एन्झाइमांची ताकद जन्मापासून प्रत्येकाची वेगळी. पाश्चात्त्य पुस्तकांत टीपीएमटीवर पानंच्या पानं आहेत, पण आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ चा फरक जास्त आढळतो. तो लक्षात आला २०१४ मध्ये, कोरियातल्या रुग्णांमुळे. ज्या मुलाला आई आणि वडील दोघांकडून कमजोर प्रत मिळालीय, त्याला नेहमीच्या डोसच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली ठेवावं लागतं. एकाच वर्गातली, एकाच वजनाची दोन मुलं घेतली तरी एकाला दीड गोळी पचते आणि दुसऱ्याचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पाव गोळीत कोसळतात. ही तपासणी रक्तावर होते. मुलाची झालीय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण ती नसली तरी दुसरा मार्ग आहे, आणि तो जगभर वापरतात: गोळी द्यायची, काउंट पाहायचे, त्यावरून डोस हलवायचा. म्हणजे दर वेळच्या सीबीसीत (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत) मुलाचं रक्तच सांगत असतं की औषध किती चढलंय.

तो रिपोर्ट वाचायला शिका, अवघड नाही. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्क्यांनी गुणायचं. समजा पांढऱ्या पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, तर आकडा आला ९६०. याला एएनसी म्हणतात. या टप्प्यात तो बहुतेक ठिकाणी ५०० ते १,५०० मध्ये ठेवतात, काही ठिकाणी खालची रेघ ७५० ची असते. ५०० च्या खाली गेला किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या, तर काही दिवस गोळी थांबवतात आणि काउंट वर आले की परत सुरू करतात, कधी पूर्ण डोसने, कधी अर्ध्याने. आठवडेच्या आठवडे तो १,५०० च्या वर राहिला तर डोस वाढवतात. तुमच्या मुलाचं एक, बंद, अर्धी, एक, मग पाच दिवस एक आणि दोन दिवस दीड, हे अगदी असंच दिसतंय.

मग होतं काय, तालुक्याच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला की त्यावर पांढऱ्या पेशींपुढे ठळक अक्षरात 'लो' छापलेलं असतं. कारण तो छापील नमुना निरोगी माणसाचा आहे. काउंटरवरचा मुलगा काळजीने म्हणतो, "काउंट फारच कमी आहेत हो." आईच्या पोटात गोळा येतो आणि त्या रात्रीची गोळी डब्यातच राहते. असं मी कितीतरी वेळा ऐकलंय. तुमच्या मुलासाठी ९६० हा चांगला आकडा आहे. उलट ४,००० आला तर आम्ही विचारात पडतो: डोस कमी पडतोय, की गोळ्या राहताहेत?

गोळ्या राहण्याबद्दल एक अभ्यास आम्ही सगळे डोक्यात ठेवून काम करतो. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांच्या चमूने गोळ्यांच्या बाटलीला असं झाकण लावलं की ते उघडल्याची तारीख-वेळ आपोआप नोंदवली जाईल. ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. आता ९५ टक्के म्हणजे किती, हे बोटांवर मोजा. ३० रात्रींपैकी २ चुकल्या तर तुम्ही ९३ वर आलात. पाच चुकल्या तर ८३. मी हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. जत्रेत घर पाहुण्यांनी भरलेलं, तुम्ही चुलीपाशी, मूल कुणाच्या तरी मांडीवर झोपी गेलेलं; अशा रात्री गोळी राहते. पण 'काही बिघडलं नाही' असं मात्र म्हणू नका. यातलं बिघडणं त्या आठवड्यात दिसत नाही.

राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊन भरून काढायची नाही. सोडून द्यायची आणि लिहून ठेवायचं. दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत द्यायची का, हे फोन करून विचारायचं. खानापूरकडच्याच एका आईची पद्धत मी सगळ्यांना सांगते. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकोनात बारीक आकडा लिहिला होता, एक किंवा दीड, शुक्रवारी त्याखाली 'मे', आणि गोळी पोटात गेली की त्यावर लाल पेनाने रेघ. महिना संपला की पान फाडून फाइलला लावायची. डॉक्टर तिचं पान आधी बघायचे आणि रिपोर्ट नंतर.

दुधाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल. सिक्स-एमपी रिकाम्या पोटी, झोपताना, दुधाशिवाय द्या, असं मी स्वतः अनेक वर्षं सांगत आले. दुधात या गोळीला मोडणारं एन्झाइम असतं, हे खरंच आहे. पण पुढे मुलांवर नीट पाहिलं गेलं तेव्हा दुधासोबत किंवा जेवणासोबत घेतल्याने आजार परतण्यात फरक आढळला नाही. फरक पडतो तो नियमाने घेण्या-न घेण्याचा. त्यामुळे आता मी म्हणते, रोज एकच वेळ ठरवा आणि शक्य असेल तर दुधाचा पेला तास-दीड तास मागे-पुढे करा. पण कुणी दुधाचा कुंदा खायला दिला म्हणून त्या रात्रीची गोळी टाळू नका.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. काही लहान मुलांना या गोळीवर सकाळी साखर उतरण्याचा त्रास होतो. मूल उठायला तयार नाही, घामेजलेलं, लटपटतंय, असं दिसलं तर आधी काहीतरी गोड द्या आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. नेहमी असं होत असेल तर गोळीची वेळ बदलून किंवा दुसरा उपाय करून ते सांभाळता येतं.

आता शुक्रवारच्या गोळीबद्दल, कारण खरी भीती मला तिची वाटते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या घरी ती सलग चार दिवस दिली गेली. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानातल्या पाकिटावरची सूचना कन्नडमध्ये, आणि घरात वाचता येणारी एकटी आज्जी, तीही फक्त मराठी. तिने रोजची म्हणून दिली. मूल तोंडभर फोड घेऊन आलं, पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. उतारा म्हणून ल्युकोव्होरिन देऊन तीन आठवड्यांनी ते सावरलं. त्याच्या पाकिटावर मराठीत एक ओळ लिहिली असती तर हे टळलं असतं, आणि ते पाकीट आमच्याच खिडकीतून गेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर घरच्यांना वाचता येईल त्या भाषेत वार लिहून देते. तुम्हीही दुकानात उभ्या उभ्या लिहून घ्या, लाजू नका.

त्यातच दुसरा खड्डा आहे. मेथोट्रेक्सेट अडीच, पाच, साडेसात, दहा मिलीग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. १५ मिलीग्रॅमचा डोस म्हणजे अडीचच्या सहा किंवा साडेसातच्या दोन. सवयीने 'सहा गोळ्या' लक्षात ठेवल्या आणि दुकानदाराने यावेळी दहाची पट्टी दिली, तर १५ चे ६० होतात. म्हणून गोळ्या मोजून लक्षात ठेवू नका, मिलीग्रॅम लक्षात ठेवा, आणि पट्टीचं रूप बदललेलं दिसलं की देण्याआधी विचारा. फॉलिक ॲसिडची गोळी 'रक्त वाढायला' म्हणून कुणी दिली तर तीही विचारल्याशिवाय नको. ती या औषधाच्या नेमकी उलट जाते.

सासूबाई गुळवेलीचा काढा किंवा पपईच्या पानांचा रस सुचवतील. मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत, आणि तुमच्या मुलाचं यकृत आधीच दोन औषधं पेलतंय. काहीही नवं सुरू करण्याआधी विचारा. युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल घरात कुणाला असेल तर ती वेगळ्या डब्यात ठेवा, तिने सिक्स-एमपीचा जोर तिप्पट-चौपट होऊ शकतो. गोळी अर्धी करताना हातमोजे घाला, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने या गोळ्यांना हात लावू नये. पोलिओ रविवारचे थेंब या मुलाला द्यायचे नाहीत, भावंडांचं डॉक्टरांना विचारा. शाळेत कुणाला कांजिण्या आल्याचं कळलं तर त्याच दिवशी फोन करा. ताप १००.४ झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री दोनला गाडी मिळत असेल तर दोनला निघा. आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. रस्ता बंद झाला तरी गोळी चुकू नये म्हणून जून ते सप्टेंबर दहा दिवसांच्या गोळ्या जादा असू द्या.

मिरज, कोल्हापूर, हुबळी कुठेही दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर जरूर जा, तो तुमचा हक्क आहे. फक्त पूर्ण फाइल न्या, आणि दोन ठिकाणच्या चिठ्ठ्यांमधली औषधं घरी एकत्र करू नका.

सासूबाईंना पुढच्या खेपेला सोबत आणा. त्या 'विष' म्हणतात ते अगदीच चूक नाही. मी त्यांना तेच सांगेन: हो आज्जी, विषच आहे, म्हणून तर दर वेळी रक्त काढून मोजून देतो. नातवावर जीव आहे म्हणूनच त्या बोलताहेत, आणि ज्या आज्जींना एकदा पटलं त्या आईपेक्षाही कडक निघतात.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला सगळ्यात जास्त खटकली ती. जत्रा कधी होती, आणि दीड गोळी कधी सुरू झाली? पाच रात्री गोळी राहिली की काउंट आपोआप वर येऊ शकतात. ते राहिल्याचं डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना वाटणार की डोस कमी पडतोय, आणि ते वाढवणार. मग तुम्ही वाढलेला डोस न चुकता द्यायला लागलात की दोन-तीन आठवड्यांत काउंट एकदम खाली येऊ शकतात. रागावतील म्हणून लपवू नका, आम्ही रोज असं ऐकतो. उद्या सकाळी दवाखान्याच्या डे-केअर विभागाला फोन करा, या दोन तारखा सांगा, शेवटचे दोन सीबीसी पाठवा आणि पुढचा सीबीसी लवकर करायचा का ते विचारा. तोवर आज रात्रीची गोळी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे द्या.